शाळेचे कुलूप काढण्याआधी

साथ आली की पहिले कुलूप शाळेला लागते आणि ते निघते मात्र सर्वांत शेवटी. कोरोनाच्या काळात आपण हे चांगलेच अनुभवले. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या. जून २०२० मध्ये ज्या बाळाचे नाव पहिलीत घातले, त्याने वर्ग पाहिला तो १ डिसेंबर २०२१ नंतर. तोही गावात. मुंबईतल्या बाळाला १५ डिसेंबर उजाडावा लागला. तेव्हा ते मूल दुसरीच्या अर्ध्यावर आलेले होते. पहिलीचे अक्षर त्याने गिरवलेच नव्हते. त्यानंतर महिनाभरातच, जानेवारी २०२२ मध्ये, शाळा पुन्हा बंद झाल्या आणि २४ जानेवारीपासून पुन्हा उघडू लागल्या.

आता ती साथ सरली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. मग आज हा विषय कशाला, असे कुणी विचारील. आमचे म्हणणे असे की, हा विषय बोलण्याची हीच खरी वेळ आहे. शाळा बंद करायला एका दिवसाचा हुकूम पुरतो. पण ती सुरक्षितपणे उघडायला आराखडा लागतो आणि घरोघरी ताप असताना आराखडा तयार होत नाही. तो आधीच करून ठेवावा लागतो. नाही केला तर त्याची किंमत कोण मोजतो, ते आधी पाहू.

कुणाचे किती गेले?

ऑगस्ट २०२१ मध्ये काही अर्थतज्ज्ञ व कार्यकर्त्यांनी देशातील पंधरा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत गोरगरिबांच्या वस्त्यांत जाऊन सुमारे चौदाशे मुलांची पाहणी केली. ज्याँ द्रेझ, रितिका खेरा ही मंडळी त्यात होती. महाराष्ट्रही त्या पाहणीत होता. खेड्यांतील ३७ टक्के मुले त्या वेळी अजिबात शिकत नव्हती. फोनवरून नियमित शिकणारी मुले खेड्यात ८ टक्के आणि शहरात २४ टक्के निघाली.

आता पुढचा आकडा नीट वाचा. खेड्यांतील दलित व आदिवासी मुलांपैकी फोनवरून नियमित शिकणारी मुले होती अवघी ४ टक्के. इतर समाजाच्या मुलांत हेच प्रमाण १५ टक्के होते. पाहणी गरीब वस्त्यांचीच होती. म्हणजे गरिबीतही आपली मुले आणखी खालच्या पायरीवर राहिली.

याचे कारण आपल्या घरांना सांगायला नको. घरात फोन एक. तो वडिलांबरोबर नाक्यावर जातो. शिक्षकांचा धडा सकाळी अकराला येतो आणि फोन घरी येतो रात्री आठला. त्यात रिचार्ज संपलेला. तीन भावंडे असली तर मोठ्याची दहावी म्हणून फोन त्याच्याकडे आणि धाकटी बसली पाणी भरायला. मुलीच्या हातचे दप्तर गेले की तिच्या हाती झाडू येतो, हेही आपण जाणतो.

सरकारने काहीच केले नाही, असे आम्ही म्हणणार नाही. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' असा उपक्रम राज्याने काढला. २० जुलै २०२०पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही पहिली ते आठवीच्या मुलांसाठीची चांगली मालिका दाखवली गेली. पण दूरचित्रवाणीचा पडदा मुलाची वही तपासत नाही आणि 'समजले का रे?' असे विचारत नाही. शाळेची जागा फक्त शाळाच घेते.

शंभर वर्षांपूर्वीची साथ

साथ आपल्या समाजाला नवी नाही. १८९६-९७च्या प्लेगने मुंबई-पुणे हादरले. पुण्याजवळ डॉ. यशवंतरावांनी दवाखाना काढला. तेथे रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुल्यांनाच प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या माउलीने मुलींसाठी शाळेचे दार उघडले, तिचे प्राण साथीनेच घेतले.

त्याच वर्षी, फेब्रुवारी १८९७ मध्ये, इंग्रज सरकारने साथरोगाचा कायदा केला. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात लागू झाला तो हाच सव्वाशे वर्षांचा कायदा. बंद करण्याची आणि अडवण्याची सत्ता तो सरकारला देतो. पण पुढे उघडायचे कसे, मुलाचे बुडलेले वर्ष कुणी भरून द्यायचे, यावर तो गप्प आहे. हे काम लोकांनाच मागून घ्यावे लागेल.

आधी लहान की आधी मोठे?

शाळा उघडताना पहिला प्रश्न येतो तो क्रमाचा. सगळी मुले एका दिवशी आत घेता येत नाहीत. मग आधी कुणाला बोलवायचे?

युरोपात डेन्मार्कने सर्वांत आधी, १५ एप्रिल २०२० पासून, शाळा उघडल्या. शाळा बंद होऊन तेथे जेमतेम महिना झाला होता. त्यांनी आधी बोलावले ते लहानग्यांना, म्हणजे बालवाडीपासून पाचवीपर्यंतच्या मुलांना. त्यामागे दोन विचार होते. लहान मुलांना हा आजार सहसा सौम्य होतो, हा एक. आणि लहान मूल घरी असले की आईबापांना कामावर जाता येत नाही, हा दुसरा. मुलांचे छोटे छोटे गट केले. एका गटाची मुले दुसऱ्या गटात मिसळत नसत. बाके लांब लांब ठेवली, दिवसातून अनेकदा हात धुवायला लावले आणि जमेल तितके शिकवणे उघड्यावर केले.

आपल्याकडे क्रम उलटा लागला. २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीला परवानगी मिळाली. २७ जानेवारी २०२१ पासून पाचवी ते आठवीला मिळाली, पण त्यातून मुंबई वगळली होती. मग दुसरी लाट आली आणि सारे पुन्हा बंद. ४ ऑक्टोबर २०२१ पासून गावात पाचवीच्या पुढचे व शहरात आठवीच्या पुढचे वर्ग सुरू झाले. चिमुकल्यांची पाळी डिसेंबरात आली.

डेन्मार्क लहान व सधन देश आहे. त्याची नक्कल जशीच्या तशी करता येणार नाही, हे खरे. आपल्याकडे दहावी-बारावीच्या परीक्षेची काळजी होती, तीही खोटी नव्हती. पण २० जुलै २०२१ रोजी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या प्रमुखांनीही सांगितले होते की, शाळा उघडायच्या झाल्यास आधी प्राथमिक वर्ग उघडणे शहाणपणाचे ठरेल. मात्र शिक्षक व कर्मचाऱ्यांचे लसीकरण झालेले असले पाहिजे. परिषदेच्या त्या वेळच्या रक्ततपासणीत सहा ते सतरा वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक मुलांच्या अंगी या विषाणूविरुद्धची प्रतिद्रव्ये आढळली होती. म्हणजे शाळा बंद असूनही विषाणू घरातूनच मुलांपर्यंत पोहोचून गेला होता.

यातून धडा हा की, क्रम रोग पाहून आणि गरज पाहून ठरवावा. मोठा मुलगा पुस्तक उघडून स्वतः वाचू शकतो. ज्याला अक्षरओळखच नाही, त्या पहिली-दुसरीच्या मुलाला शिक्षकाशिवाय दुसरा आधार नाही. पुढची साथ वेगळीही असू शकेल. एखादा आजार लहान मुलांनाच जास्त छळणारा असेल, तर क्रम बदलावा लागेल. म्हणून 'या आजारात कोणत्या वयाला धोका अधिक?' हा प्रश्न पालकांनी डॉक्टरांना सर्वांत आधी विचारावा.

हवा, पाणी आणि बाके

कोरोनाच्या सुरुवातीला आपण भाजी धुतली, दाराच्या कड्या पुसल्या. पुढे कळले की हा रोग मुख्यतः हवेतून पसरतो. बंद खोलीत एक जण खोकतो, बोलतो, गातो आणि त्याच्या श्वासातले कण हवेत तरंगत राहतात. अशा रोगात शाळेचे खरे औषध म्हणजे उघडी खिडकी.

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात २०२० च्या अखेरीस १६९ प्राथमिक शाळांचा अभ्यास झाला. ज्या शाळांनी वर्गातली हवा खेळती राहण्याची सोय केली, तेथे रुग्णांचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी आढळले. जेथे शिक्षक व कर्मचाऱ्यांना मुखपट्टी सक्तीची होती, तेथे ते ३७ टक्क्यांनी कमी होते. तिकडच्या थंडीत खिडकी उघडणे कठीण. आपल्याकडे उन्हाळा-हिवाळा खिडकी उघडी ठेवता येते. हा आपला मोठाच फायदा आहे.

पण आपल्या शाळांतल्या खिडक्या कशा असतात? एका खिडकीला कपाट टेकवलेले. दुसरीची कडी गंजलेली. तिसरीखाली गटार, म्हणून ती कायम लावलेली. वरचा पंखा फिरतो, पण पंखा बाहेरची हवा आत आणत नाही, आतलीच हवा घुसळतो. समोरासमोरच्या खिडक्या व दार उघडे असेल तरच वारा आरपार जातो. तेव्हा कपाट सरकवणे, कडी बदलणे, गटार झाकणे ही कामे साथ नसतानाही करून घेण्यासारखी आहेत. क्षयरोग तर आपल्या वस्त्यांतून अजून गेलेला नाही, आणि तोही हवेतूनच पसरतो.

अंतराचा हिशेबही कागदावर मांडून पाहावा. राज्याच्या २०२१ च्या नियमांत एका बाकावर एक मूल आणि एका वर्गात पंधरा ते वीस मुले असे सांगितले होते. वर्गात चाळीस मुले असली तर दोन तुकड्या होतात. एक तुकडी एका दिवशी, दुसरी दुसऱ्या दिवशी. साठ मुले असली तर तीन तुकड्या, म्हणजे प्रत्येक मुलाच्या वाट्याला आठवड्यातून दोनच दिवस. शहरातल्या खचाखच भरलेल्या शाळांत हा हिशेब लगेच कोलमडतो. म्हणून शाळेच्या आजूबाजूला आणखी जागा कोणती, हे आधी हेरून ठेवावे. मैदान, व्हरांडा, समाजमंदिर, वस्तीतले विहार. विहाराचे सभागृह एरवी दिवसभर रिकामेच असते. तेथे वीस मुले मोकळी बसू शकतात.

राहता राहिले पाणी. 'हात धुवा' असा फलक लावणे सोपे आहे. दोनशे मुलांनी जेवणाआधी हात धुवायचे तर नळ किती, टाकी किती लिटरची, साबण कुणी आणायचा आणि संडास दिवसातून किती वेळा धुतला जाणार, हे लिहून ठेवावे लागते. ज्या शाळेत मुली पाणी नाही म्हणून दिवसभर लघवी दाबून ठेवतात, ती शाळा साथ नसतानाही सुरक्षित नाही.

गावाने ठरवले तर

हे सारे मुंबईच्या मंत्रालयातून होणारे काम नाही, हेही अनुभवाने दिसले. जुलै २०२१ मध्ये सरकारने कोरोनामुक्त गावांत आठवी ते बारावीचे वर्ग सुरू करायला परवानगी दिली. गावात महिनाभर एकही रुग्ण नसावा, ग्रामपंचायतीने ठराव करावा आणि सरपंचाच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी, अशी अट होती. समितीत मुख्याध्यापक, तलाठी, ग्रामसेवक, आरोग्य केंद्राचे डॉक्टर आणि शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, असे सगळे एका टेबलाशी आणले. ही पद्धत योग्य होती. अहमदनगर जिल्ह्यातील (आताचे अहिल्यानगर) हिवरे बाजारने तर त्याच्याही आधी, जून २०२१ मध्ये, आपली शाळा सुरू केली. गावाने आधी रोग आटोक्यात आणला आणि मग शाळा उघडली. गावात रोग पसरलेला असताना शाळेच्या चार भिंती मुलांना वाचवू शकत नाहीत, हे त्या गावाने ओळखले.

सोलापूरच्या नीलमनगर भागात कामगारांची वस्ती आहे. घरोघरी फोन नव्हते. तेथील शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर पाठ रंगवले. पाढे, व्याकरण, सूत्रे, सगळे. मूल घराबाहेर आले की समोर फळा. झारखंडच्या दुमका जिल्ह्यात डुमरथर गावीही मातीच्या भिंतींवर मुलांसाठी फळे रंगवले गेले. मुले आपापल्या फळ्यासमोर अंतर ठेवून बसत. पूर्ण बंद आणि पूर्ण उघडी यांच्या मधे अशा कितीतरी पायऱ्या आहेत. आराखड्यात त्या पायऱ्या लिहून ठेवल्या पाहिजेत.

कामावर जाणाऱ्या आईचे काय?

वेळापत्रक ठरवणाऱ्यांच्या ध्यानात एक गोष्ट सहसा येत नाही. एक दिवसाआड शाळा म्हणजे एक दिवसाआड मूल घरी. घरकाम करणाऱ्या, सफाईच्या, बिगारी कामाच्या बाईने त्या दिवशी काय करायचे? मोठ्या बहिणीला शाळेतून काढून धाकट्याजवळ बसवायचे? म्हणून एका घरातल्या भावंडांची तुकडी एकाच दिवशी ठेवावी, हे पालकांनी सुरुवातीलाच सांगितले पाहिजे.

दुसरी गोष्ट जेवणाची. शाळा बंद असताना तांदूळ व कडधान्य घरी दिले गेले. पण शाळेत शिजलेली खिचडी त्या मुलाच्या पोटात जाते, तर घरी आलेला तांदूळ सहा जणांत वाटला जातो. शाळा उघडताना जेवण बंद ठेवले तर मूल उपाशी पोटी बसते. तेव्हा जेवण कुठे, किती जणांच्या पंगतीत आणि कोणत्या वेळी, हेही आराखड्यात यावे. आणि अंतराच्या नावाखाली कुणा मुलाला वेगळे बसवण्याची जुनी खोड पुन्हा डोके वर काढणार नाही, यावर आपला डोळा असावा.

तिसरी गोष्ट तापाची. मुलाला ताप आला तरी आई त्याला शाळेत पाठवते, कारण तिचा खाडा झाला की त्या दिवसाची मजुरी जाते. अशा आईला दटावून रोग थांबत नाही. आजारी मुलाची हजेरी कापली जाणार नाही, त्याचा अभ्यास घरी पोहोचवला जाईल आणि त्याचे नाव फळ्यावर लिहून त्याला कुणी हिणवणार नाही, असा विश्वास शाळेने दिला तरच पालक आजार लपवणार नाहीत.

शिक्षकांचाही विचार हवा. साथीत त्यांना घरोघरच्या पाहणीला, तपासणी नाक्यांवर कामाला लावले. शाळांच्या इमारतीत विलगीकरण केंद्रे झाली. शाळा उघडायची तर इमारत आधी शाळेच्या ताब्यात आली पाहिजे, ती धुवून स्वच्छ झाली पाहिजे आणि शिक्षक वर्गात असले पाहिजेत.

आपला हक्क कोणता?

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २१ प्रमाणे सरकारी, पालिकेच्या व जिल्हा परिषदेच्या शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत, निम्म्या महिला असल्या पाहिजेत आणि वंचित समाजाच्या पालकांना त्यांच्या मुलांच्या प्रमाणात जागा मिळाली पाहिजे. शाळेचा विकास आराखडा करणे हे या समितीचे काम आहे. तेव्हा साथीच्या वेळी शाळा कशी चालेल, याचे एक पान त्या आराखड्यात घाला, असे म्हणण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. कित्येक शाळांत ही समिती कागदावरच असते. सह्या घेतल्या जातात आणि आपल्या आया-बहिणींना आपण सभासद आहोत हेदेखील माहीत नसते.

जुलै २०२१ मध्ये राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने शाळा उघडण्याबाबत पालकांचे मत मागवले. उत्तर देणाऱ्यांपैकी ८१ टक्क्यांच्या आसपास पालक 'उघडा' म्हणाले. पण मत नोंदवायचे होते संगणकावर किंवा फोनवर. ज्यांच्या घरी फोन नाही आणि ज्यांची मुले सर्वांत जास्त बुडाली, त्यांना विचारले कुणी? म्हणूनच समितीच्या बैठकीत प्रत्यक्ष बसणे महत्त्वाचे.

पुढच्या बैठकीत पालकांनी हे प्रश्न विचारावेत:

१. आमच्या मुलाच्या वर्गात किती खिडक्या आहेत आणि त्यांपैकी किती उघडतात?

२. वीस-वीसच्या तुकड्या केल्या तर किती खोल्या व किती शिक्षक लागतील? कमी पडणारी जागा कुठून येईल?

३. पाण्याचे नळ, संडास व साबण यांची सोय किती मुलांना पुरेल?

४. कोणता वर्ग आधी बोलवायचा, हे कोण व कशावरून ठरवणार?

५. फोन नसलेल्या मुलांची यादी शाळेकडे आहे काय? त्यांच्यापर्यंत अभ्यास कोण पोहोचवणार?

६. एखादे मूल आजारी निघाले तर एक वर्ग बंद होणार की सारी शाळा? किती दिवस?

७. जेवण कसे मिळणार?

८. बुडालेला अभ्यास भरून काढायला रोज किती वेळ ठेवणार?

बुडालेले भरून निघते

शेवटच्या प्रश्नाबद्दल थोडे अधिक सांगतो. देशातील खेड्यांत दुसरीचा उतारा वाचू शकणारी तिसरीची मुले २०१८ मध्ये २७.३ टक्के होती. २०२२ मध्ये हे प्रमाण २०.५ टक्क्यांवर घसरले. 'असर' अहवालाचे हे आकडे आहेत. २०२४ मध्ये ते पुन्हा २७.१ टक्क्यांवर आले. याचा अर्थ, शाळा नीट चालली आणि पायाभूत वाचन-गणितावर मेहनत घेतली की गेलेले परत मिळवता येते. 'आमचे मूल ढ आहे' असे कुणी म्हणू नये. त्याला शिकवले गेले नव्हते, एवढेच. जुलै २०२१ मध्ये राज्याने पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आखला होता. पण शाळाच बंद असल्याने तो बऱ्याच मुलांपर्यंत फोनवरूनच जायचा होता. ज्याच्याकडे फोन नव्हता, त्याच्यासाठी तो पूलही तुटलेलाच राहिला.

मात्र परत मिळाले ते शाळेत परतलेल्यांना. जे मूल त्या दीड वर्षात गॅरेजमध्ये, वीटभट्टीवर किंवा लवकर उरकलेल्या लग्नात हरवले, त्याचा हिशेब या टक्क्यांत नाही. म्हणून शाळा उघडल्याच्या पहिल्या आठवड्यात हजेरीपट घेऊन वस्तीत फिरले पाहिजे. कोण आले नाही, का आले नाही, हे दारोदार जाऊन विचारले पाहिजे. हे काम शिक्षकांच्या बरोबरीने वस्तीतील महिला मंडळ आणि तरुण मंडळ करू शकते.

आपल्या आजोबांच्या पिढीला वर्गाच्या दाराबाहेर बसून शिकावे लागले. ते दार बाबासाहेबांच्या लढ्याने आपल्यासाठी उघडले. पुन्हा साथ येईल तेव्हा काही काळ ते लावावे लागलेही, तर लावावे. जीव आधी. पण ते किती दिवसांनी, कुणासाठी आणि कशा रीतीने उघडायचे, हे ठरवणाऱ्यांत आपल्या वस्तीतली आई बसलेली असली पाहिजे. पुढच्या पालकसभेला खाडा करू नका. जाताना वरचे आठ प्रश्न वहीत लिहून न्या.